उतरणीवरची पहिली सावली

ताइसिया सावेल्येवनाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. सदतीस सालचा फेब्रुवारी होता. मी एकोणीस वर्षांची, थिएटरात तालमीला पियानो वाजवायला नुकतीच लागले होते, आणि पियानोच्या जागेवरून मुलींच्या पाठीच दिसायच्या. चोवीस पाठी. त्यातली सगळ्यात पुढची, रुंद खांद्यांची, आखूड मानेची पाठ तिची, आमच्या तायाची. तीही एकोणीसचीच. त्या मानेमुळे तिला एकटीचा नाच कधीच मिळणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिलाही. पण तोल असा, की एका पायावर उभी राहिली म्हणजे कुणी खुंटी ठोकून ठेवल्यासारखी.

तो बॅले हिंदुस्थानातल्या एका देवळातल्या नर्तकीचा. हिंदुस्थान आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. व्होल्गाकाठच्या आमच्या शहरात हत्तीसुद्धा कापडाचाच आणला होता. कथा म्हणाल तर नर्तकी साप चावून मरते, आणि तिच्या दुःखात अफू ओढून पडलेल्या शिपायाला ती दिसते. एक नाही, अनेक. डोंगरावरून एकीमागून एक पांढऱ्या सावल्या उतरत येतात. पाय मागे उचलून पुढे झुकायचं, मागे येऊन हात डोक्यावर न्यायचे, दोन पावलं चालायचं आणि पुन्हा तेच. मागून नवी सावली आली की पुढच्या सगळ्यांनी परत तेच करायचं. जी पहिली उतरते तिला ते सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं. शेवटची मुलगी खाली येईपर्यंत पहिलीची मांडी पेटलेली असते, आणि तरीही हलायचं नाही.

हा प्रवेश आमच्या रंगमंचासाठी बसवला होता गेनरिख ओस्कारोविच फोग्ट यांनी. आमचे बॅलेमास्तर. तरुणपणी ते पीटर्सबर्गला नाचले होते. आमचा रंगमंच तिथल्या निम्मासुद्धा नव्हता, म्हणून त्यांनी डोंगर म्हणून बांधलेल्या लाकडी उतरणीला तीन वळणं दिली, मुलींना एकमेकींच्या मधून नेलं, आणि चोवीसांच्या शंभर वाटाव्यात असं काहीतरी केलं. माणूस लहानखुरा, हातात कायम झारी. तालमीआधी फळ्या घसरू नयेत म्हणून स्वतः पाणी शिंपायचे.

"पोरींनो," ते म्हणायचे, "सावलीला वजन नसतं. तुम्ही दुपारी बटाटे खाल्लेत हे मला डोळे मिटूनही कळतंय."

तायाला मात्र ते कधी टोचून बोलले नाहीत. फक्त म्हणायचे, "तू चुकलीस तर तेवीसजणी चुकतील. म्हणून तू चुकू नकोस."

मे महिन्यात पहिला खेळ झाला. थिएटर भरलं. त्या वर्षी अकरा खेळ झाले.

अडतीसच्या जानेवारीत तायाला थिएटरच्या पार्टी सेक्रेटरीनं बोलावलं. तिनं फॉर्मवर वडील शेतमजूर असं लिहिलं होतं. खरं म्हणजे तिच्या वडिलांची, सावेलींची, दोन घोडी आणि पत्र्याचं छप्पर होतं, आणि तेवढ्यावरून तीस साली त्यांना घराबाहेर काढून उत्तरेला पाठवलं होतं. ते तिकडेच वारले. सेक्रेटरीसमोर तो फॉर्म होता आणि एक टाइप केलेला कागद होता. तो म्हणाला, "फॉर्म मी पाहिलेला नाही असं समज. हा कागद शुक्रवारी सभेत वाच."

तिनं वाचला. मी पाचव्या रांगेत होते. फोग्टची बहीण ड्रेस्डेनला राहते आणि त्याला पत्रं लिहिते. फोग्ट सोव्हिएत मुलींना मेलेल्यांची सोंगं घ्यायला लावतो आणि तरुणांमध्ये निराशा पसरवतो. असं काय काय. ताया एका सुरात वाचत होती, विरामचिन्हंसुद्धा न चुकवता. गेनरिख ओस्कारोविच तिसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर टोपी ठेवून. मग कोण कोण अनुकूल म्हणून विचारलं गेलं. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. हे मी इथं लिहिते आहे कारण ताया गेल्यावर तिच्या एकटीबद्दलच लोक बोलले.

मंगळवारी ते तालमीला आले नाहीत. त्यांच्या खोलीला सील लागलं. ज्या वहीत त्यांनी सगळ्या मुलींच्या जागा आणि वळणं रंगीत पेन्सिलींनी मांडली होती, ती वहीही गेली. बॅले बंद झाला. थिएटरबाहेरच्या पाट्यांवरचं त्यांचं नाव चाकूनं खरवडून काढलं गेलं.

मग युद्ध आलं. तायानं आमच्या थिएटरातल्या येगोर नावाच्या इलेक्ट्रिशियनशी लग्न केलं होतं. तो बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये र्झेवजवळ मेला. तिनं ते कळवणारं पत्र मला वाचायला दिलं, परत घेतलं, आणि तालमीला उभी राहिली. सकाळी आम्ही कारखान्यात गोळ्यांच्या पेट्या भरायचो, दुपारी नाचायचो. बुटांची टोकं कडक करायला पिठाची खळ लागायची. ती खळ मुली चाटूनपुसून खायच्या, म्हणून बूट मऊच राहायचे आणि अंगठ्यांतून रक्त यायचं.

त्रेचाळीसमध्ये वरून हुकूम आला की जखमी सैनिकांसाठी एखादा जुना, मोठा बॅले करा. तेव्हा बॅलेचे प्रमुख होते पोर्फिरी इलिच लोबास्तोव. हे गृहस्थ वाईट नव्हते. घाबरट होते, आणि त्यांना सावल्यांचा प्रवेश येत नव्हता.

"कुणाला आठवतोय का?" त्यांनी विचारलं.

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मग ताया म्हणाली, "मला आठवतो."

"तुझी जागा आठवत असेल."

"सगळ्यांच्या आठवतात."

आणि खरंच आठवत होत्या. ती सगळ्यात पुढे असायची, मागे वळून पाहायची सोय नाही, पण मागच्या तेवीसजणी कुठे आहेत हे तिला श्वासावरून कळायचं. तिनं खडूनं फळीवर खुणा केल्या. चोवीस मुली होत्याच कुठे म्हणा. अकरा निघाल्या. दोघी टायफसनं गेल्या होत्या, बाकीच्या पांगल्या होत्या. उतरणीचं लाकूड आदल्या हिवाळ्यात शेगडीत गेलं होतं, म्हणून सावल्या डोंगरावरून न उतरता सपाट जमिनीवरून चालत आल्या. झगे इस्पितळातल्या धुतलेल्या बँडेजांचे. काही ठिकाणी तांबूस डाग तसेच राहिले होते. समोर बसलेल्या सैनिकांपैकी एकजण मध्येच मोठ्यानं रडू लागला आणि नर्सनं त्याला बाहेर नेलं.

पाटीवर लिहिलं होतं, "रचना पो. इ. लोबास्तोव". तायानं ती वाचली आणि पुढे गेली. त्या साली बोलण्यासारखं काही नव्हतंच.

गेनरिख ओस्कारोविच छप्पन्नच्या ऑक्टोबरमध्ये छावणीतून परत आले.

तेव्हा थिएटरच्या वर्धापनदिनासाठी पुन्हा तोच बॅले बसवायचा चालला होता, या वेळी पुरा, चोवीस मुली आणि नवी उतरण. ताया अडतीस वर्षांची होती. अजूनही पहिली उतरायची आणि बाकीच्यांना शिकवायचीही. तालीम चालू असताना दार उघडलं आणि कापूस भरलेलं जाकीट घातलेला एक म्हातारा आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाटलं, नळवाला आहे. ताया मात्र पाय मागे उचललेल्या अवस्थेत होती, आणि तिचा पाय हलला. एकोणीस वर्षांत मी तो पहिल्यांदा हलताना पाहिला.

"थांबू नका," म्हातारा म्हणाला. "तिसऱ्या वळणावर मान उशिरा वळतेय. बाकी ठीक आहे."

त्यांना दात राहिले नव्हते, त्यामुळे बोलणं फुसफुसत यायचं. तालीम संपल्यावर मुली गेल्या. आम्ही तिघंच उरलो. ताया टॉवेल हातात पिळत त्यांच्यासमोर उभी राहिली.

"गेनरिख ओस्कारोविच, त्या सभेत मी..."

"मी होतो ना तिथं," ते म्हणाले. "तुझं वाचन चांगलं झालं. आणि एक सांगू? वर्षभर तुमच्यामागे लागलो होतो, हात एकत्र वर जाऊ देत, हात एकत्र. कधी जमलं नाही. त्या दिवशी जमलं. एकही मागे राहिला नाही."

ते चेष्टेत म्हणत होते की कशात, मला आजही सांगता येणार नाही. तायाचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, चहा मिळेल का कुठे? साखर असली तर बरं."

त्यांना स्टेशनमागे एका विधवेच्या घरात खोली मिळाली. निर्दोष असल्याचा कागद मिळाला होता, काम मिळालं नाही. ते दुपारी तालमीला येऊन मागे बसायचे. लोबास्तोव आले की उठून जायचे. लोबास्तोवही दारात थोडं थांबूनच आत यायचे, म्हणजे म्हाताऱ्याला निघायला वेळ मिळे. असं दोघांचं न बोलता ठरलं होतं.

फेब्रुवारीत खेळाची जाहिरात-पाटी छापायला जाणार होती. ताया लोबास्तोवांच्या खोलीत गेली. मला दाराशी उभं केलं, साक्षीला म्हणून.

"पोर्फिरी इलिच, हा प्रवेश फोग्ट यांचा आहे. पाटीवर त्यांचं नाव यायला हवं."

लोबास्तोव बराच वेळ कागद सारखे करत राहिले. "माझ्या नावानं तो चौदा वर्षं चाललाय, ताइसिया सावेल्येवना. मी नाव बदललं तर लोक विचारतील, आधी का नव्हतं? मग मी सांगेन की फोग्टना का नेलं. मग विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून? सभेचा अहवाल कपाटात आहे. चौथ्या पानावर तुमचं भाषण आहे, अख्खं. तुम्हाला ते मुलींनी वाचायला हवंय?"

ताया कपाटाकडे पाहू लागली.

"मी धमकी देत नाहीये," ते म्हणाले. "मी स्वतः रात्रंदिवस हाच विचार करतो. राहू दे ना. त्यांनीही काही मागितलेलं नाही."

ती वळली आणि बाहेर आली. जिन्यात मला म्हणाली, "नोन्ना, मला जमलं नाही गं."

मी म्हटलं, "मलाही जमलं नसतं." त्यानं तिला बरं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

शेवटच्या तालमीला नवी उतरण लागली. गेनरिख ओस्कारोविच तिच्याभोवती एकदा फिरले, गुडघ्यावर बसून एका डोळ्यानं पाहिलं आणि तायाला म्हणाले, "चढ दोन बोटं जास्त झालाय. शेवटून चौथी, पाचवी मुलगी पडेल. त्यांच्या वेळी ताल थोडा चढतो. सुताराला सांग, रंधा मारून घे."

तायानं लोबास्तोवांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "असं कोण म्हणतं?"

इथं तिला नाव घेता आलं असतं. ती म्हणाली, "मलाच वाटतंय."

"तुम्हाला वाटणारच. गुडघे थकलेत तुमचे. बावीस वर्षांच्या मुलींना तो चढ कळणारसुद्धा नाही." उतरण रंगवून झाली होती, वर कापड ठोकलं होतं. कोण पुन्हा उचकटणार.

चौथ्या खेळाला लिया पडली. शेवटून पाचवी. लिया ही तायाचीच लाडकी विद्यार्थिनी, लांब मानेची, वर्षभरात एकटीचा नाच मिळेल अशी. तिचा मागे उचललेला पाय खाली टेकताना घसरला आणि घोटा असा वळला की आवाज मला पियानोच्या... नाही, खेळाला वाद्यवृंद होता, मी पडद्याआड बसले होते. तरीही ऐकू आला. खाली तायानं तो ऐकला आणि वळली नाही. शिस्त तशीच होती. बाकीच्या तेवीसजणींनी शेवटपर्यंत नाच केला, आणि लिया मागच्या कापडाखालून स्वतःला ओढत बाहेर गेली.

घोटा नीट बसला नाही. दुसऱ्या दिवशी सुतारानं कुणाला न सांगता रंधा मारून उतरण दोन बोटं कमी केली. लिया वर्षभरानं काठी घेऊन आली, आणि थिएटरनं उपकार म्हणून तिला कोट ठेवायच्या जागी काम दिलं. लोक कोट द्यायचे, ती बिल्ला द्यायची.

गेनरिख ओस्कारोविच पुढच्या मार्चमध्ये न्यूमोनियानं गेले. लियाबद्दल त्यांना कळलं होतं. त्यांनी तायाला एवढंच विचारलं होतं, "सांगितलंस ना सुताराला?" आणि ताया म्हणाली होती, "सांगितलं होतं." पुरायला आम्ही तिघी होतो. ताया, मी आणि ती घरमालकीण. बर्फ इतका कडक होता की खड्डा खणणाऱ्यांनी लोखंडी पहार वापरली.

त्या हंगामानंतर तायानं नाच सोडला आणि फक्त शिकवायला लागली. चांगलं शिकवायची, पण आता तिच्या तोंडी दुसरंच काही असायचं. "पाय टेकण्याआधी जमीन चाचपा. घाई नको. संगीत पुढे गेलं तर जाऊ दे, मी नोन्नाला बघून घेईन." मुलींना ती भित्री वाटायची. रोज सकाळी तिला लियाच्या समोरून जावं लागायचं. लिया तिला आदरानं वागवायची. "द्या कोट, ताइसिया सावेल्येवना. गारठा आहे आज." आणि ताया म्हणायची, "हो गं, आहे." असं एकवीस वर्षं.

एकोणऐंशीमध्ये बॅले पुन्हा नव्यानं बसवायचं ठरलं. लोबास्तोव निवृत्त होऊन मेले होते. नवे प्रमुख रोदिओन म्हणून एक पस्तिशीतला, जीन्स घालणारा, हसरा माणूस. सावल्यांचा प्रवेश जसाच्या तसा ठेवायचा होता आणि तो फक्त तायाला येत होता. एकसष्ट वर्षांची ताया त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. रात्री तिनं काय बोलायचं ते माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं.

"हा प्रवेश फोग्ट यांचा आहे. नाव छापणार नसाल तर मी शिकवणार नाही."

रोदिओन म्हणाला, "कोण फोग्ट?"

तिनं सांगितलं. सभेसकट, स्वतःच्या भाषणासकट. तो ऐकताना घड्याळ पाहत होता, त्याला मॉस्कोचा फोन यायचा होता.

"बरं, मग टाकू की नाव. त्यात काय एवढं. आडनाव कसं लिहायचं ते सेक्रेटरीला सांगून ठेवा."

ती तालमीच्या खोलीत आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली. मुली येऊ लागल्या होत्या, पाय ताणत होत्या.

"एवढंच होतं नोन्ना," ती म्हणाली. "एक वाक्य."

"तेव्हा एवढंच नव्हतं," मी म्हटलं.

"तेव्हाही एवढंच असेल तर?"

मी पियानोचं झाकण उघडलं.

पहिल्या खेळाच्या दिवशी कार्यक्रमपत्रिका आल्या. शेवटच्या पानावर, दिव्यांचे आणि केसांच्या टोपांचे कारागीर यांच्यावर, बारीक अक्षरांत एक ओळ होती. सावल्यांचा प्रवेश, गे. ओ. फोग्ट यांच्या १९३७ च्या रचनेनुसार. ताया ती पत्रिका घेऊन सरळ खाली कोटांच्या जागेकडे गेली. प्रेक्षक यायला अजून तास होता. मी मागोमाग गेले, कारण ती कशाला चालली आहे हे मला कळलं होतं.

"लिया, हे वाच."

लियानं चष्मा लावून वाचलं. "हे कोण?"

"ते म्हातारे. मागे बसायचे ते. तू पडलीस त्याच्या आधी त्यांनी मला सांगितलं होतं, की उतरणीचा चढ जास्त आहे. शेवटून चौथी नाहीतर पाचवी पडेल. मी लोबास्तोवला सांगितलं, पण कुणी सांगितलं ते सांगितलं नाही. माझं म्हणून सांगितलं, म्हणून त्यानं ऐकलं नाही. त्यांचं नाव घेतलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. त्यांच्या डोळ्यावर त्याचा विश्वास होता. मला माझी भीती होती."

लियानं पत्रिका नीट घडी करून काउंटरवर ठेवली. तिच्या मागे रिकाम्या खुंट्यांच्या रांगा होत्या.

"मी चुकले असं सगळे म्हणाले," ती म्हणाली. "तुम्हीसुद्धा म्हणालात, लिया, पाय टेकण्याआधी जमीन चाचपायची."

"म्हटलं होतं."

"बावीस वर्षं मी मनातल्या मनात तो पाय टेकवतेय. रोज. कुठे चुकलं ते शोधत."

"लिया..."

"लोक येतील आता. तुम्ही वर जा."

त्यानंतर लिया तायाशी बोलली नाही. भांडण नाही, तक्रार नाही. कोट घ्यायची, बिल्ला द्यायची. हिवाळ्याच्या अखेरीस तायानं कोट तिच्याकडे देणंच बंद केलं. अंगावर घेऊनच तालमीच्या खोलीत यायची आणि पियानोवर टाकायची.

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली आणि कामेन्का गावी धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. मला पत्रं यायची. बटाटे किती निघाले, बहिणीची शेळी कशी, डावा गुडघा कसा वाकत नाही. बॅलेबद्दल एक शब्द नाही. एकदाच विचारलं होतं, लिया कशी आहे. मी लिहिलं, ठीक आहे. याहून जास्त मला लिहिता आलं नाही.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरमध्ये बहिणीची तार आली. रोदिओननं तालमीआधी मुलींना एक मिनिट उभं राहायला सांगितलं. निम्म्या मुलींना ती कोण हे माहीत नव्हतं. एकीनं हळूच विचारलं, दुसरीनं खांदे उडवले. मिनिट झालं आणि मी वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसला मी उभी होते, तेव्हा लिया काठी टेकत आली. तिनं एक दिवसाची रजा काढली होती. पाच तासांचा रस्ता, खिडक्या गोठलेल्या. तिनं उकडलेली अंडी आणली होती. एक मला दिलं, एक स्वतः सोलून मीठ लावून खाल्लं, आणि मग झोपली. तायाचं नाव तिनं काढलं नाही.

कामेन्कात शवपेटी बाकावर ठेवली होती. तायाचे हात छातीवर जुळवलेले, चेहरा चिडल्यासारखा. बहिणीनं आम्हाला भातात मनुका घालून केलेला श्राद्धाचा घास दिला. स्मशान नदीवरच्या टेकाडावर होतं आणि वाट निसरडी होती. लिया काठीनं प्रत्येक पाऊल चाचपत चढली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

खड्ड्यात माती टाकायची वेळ आली तेव्हा तिनं हातमोजा काढला, तीन वेळा मूठ भरून टाकली, आणि हात बर्फावर पुसला. बहिणीनं तिला विचारलं, "तुम्ही तिच्या विद्यार्थिनी का?"

"हो," लिया म्हणाली.

"फार कडक होती म्हणतात."

"कडक नव्हती," लिया म्हणाली. मग हातमोजा घालत माझ्याकडे वळली. "चला नोन्ना मात्वेयेवना, दोनची बस आहे. ती गेली तर मग उद्याच."